मार्लिसचा एक प्रश्न

मार्लिस हॉफेल्टला कुठलीही गोष्ट अर्धवट कळलेली चालत नसे. शाळेच्या स्वयंपाकघरात एखाद्या पोरानं ताट तसंच परत आणलं, तर बाकीच्या बाया ते बादलीत उपडं करून मोकळ्या होत. मार्लिस मात्र हात पुसत बाहेर जाई आणि त्या पोराला गाठून विचारी, "का रे बाबा? खारट झालंय, की सकाळी घरी भांडण झालं?" बहुतेक वेळा भांडणच झालेलं असे. चर्चमधल्या बायका तिला 'चौकशी खातं' म्हणत. पाठीमागंही म्हणत आणि तोंडावरही. तिला त्याचं काही वाटत नसे. विचारल्यावाचून माणूस कळत नाही आणि कळल्यावाचून त्याच्यासाठी काही करता येत नाही, असा तिचा सरळ हिशेब होता.

अशा बाईला नवऱ्यानं सांगावं की मला काही विचारू नकोस, याला काय म्हणायचं!

वर्लिन मालगाडीवर कंडक्टर होता. तिकिटं तपासणारा नव्हे, गहू-मक्याची तिकिटं कोण तपासणार? इंजिनात उजवीकडं ड्रायव्हर बसतो आणि डावीकडं कंडक्टर. गाडी मध्येच अडली, ब्रेकची नळी सुटली, डबा घसरला, तरी ड्रायव्हरनं जागा सोडायची नाही. खाली उतरून, मैलभर लांब गाडीच्या कडेकडेनं खडी तुडवत मागं जायचं ते कंडक्टरनं. वर्लिननं उभा जन्म हेच केलं. बर्फात केलं, उन्हात केलं, आणि घरी येऊन कधी कुरकुर केली नाही. वेंडेल गावात निम्मी घरं रेल्वेची आणि निम्मी शेतीची, पण वर्लिनसारखा शांत माणूस दोन्हीकडं मिळाला नसता.

सप्टेंबर अखेरीला मका डोक्यापेक्षा उंच उभा असताना त्याच्या गाडीनं एक पिकअप उडवली. शेतातला कच्चा रस्ता; तिथं फाटक नाही, दिवा नाही, नुसती एक पाटी. टेसा रिडर नावाची तरुण मुलगी सुगीवरच्या माणसांचं जेवण घेऊन निघाली होती. मक्याच्या भिंतीमुळं तिला गाडी दिसली नाही आणि गाडीतल्यांना ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. मुलगी गेली. गावाला एवढंच ठाऊक होतं, आणि गावाच्या मते तेवढं पुरेसं होतं. एवढी मोठी गाडी जागच्या जागी थांबत नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. "तुझा काय दोष, वर्लिन?" असं म्हणत लोकांनी हॅम-बटाट्याची भांडी आणून दिली. भांड्याच्या बुडाला प्रत्येकीनं आपापल्या नावाची पट्टी चिकटवली होती, कारण दुःख कितीही मोठं असलं तरी भांडं परत आलंच पाहिजे.

शेवटचं भांडं परत गेलं त्या दिवशी वर्लिन स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"मार्ल, एक सांगतो. तिथलं मला काही विचारू नकोस."

"बरं."

"ऐकून घे. तू विचारलंस तर मी सांगेन. तुझ्याशी खोटं बोलायला मला जमत नाही, जमलं नाहीये कधी. पण सांगितल्यावर मला या घरात राहता यायचं नाही."

"असं कसं बोलतोस रे?"

"बघ, लगेच सुरू झालीस," तो म्हणाला, आणि किंचित हसला. ते हसू पाहून मार्लिसनं शब्द दिला.

तिनं तो पाळला, हे इथं मुद्दाम सांगायला हवं. लोकांना नंतर बरंच बोलायचं होतं. पण ज्या बाईला दुकानात पुढं उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या हाताला पट्टी का बांधलीय हे विचारल्याशिवाय राहवत नसे, तिनं सुगीपासून सुगीपर्यंत रोज एकाच टेबलावर बसून तोंडाला कुलूप घातलं. किती वेळा तिनं प्रश्न ओठावर आणून कॉफीबरोबर गिळला असेल, ते तिचं तिला माहीत.

आणि गिळण्यासारखं रोज काहीतरी होतंच. वर्लिन कामावर परत गेला नाही. मुदतीआधी निवृत्ती घेतली. रेल्वेनं पाठवलेल्या समुपदेशकाकडं एकदा जाऊन आला. त्यानं विचारलं, झोप लागते का? हा म्हणाला, लागते. संपलं. त्यानं आपले कामाचे बूट जाळून टाकले आणि हिवाळाभर कापडी बुटात बर्फ काढला. त्याच्या पायाची बोटं निळी पडत. वसंतात बर्फ वितळल्यावर त्यानं फावडं घेतलं आणि रस्त्यापासून दारापर्यंतची सगळी खडी उपसायला सुरुवात केली. जुनी, चांगली घट्ट बसलेली खडी! ढकलगाडी भरभरून त्यानं ती ओढ्यात नेऊन टाकली. मग पाऊस आला आणि अंगणाचा नुसता रबडा झाला. टपालवाल्या बाईची गाडी रुतली, तेव्हा ट्रॅक्टर आणून काढावी लागली. धान्याच्या कोठारावर कॉफी पीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना तर आयतं खाद्य मिळालं. "वर्लिन सोनं शोधतोय. सापडलं की आपल्याला काही देणार नाही, चिक्कू आहे," असं ते म्हणत, तेही त्याच्यासमोर. तो हसे आणि घरी येऊन परत फावडं उचले.

शिवाय पिकअप थांबवल्यावर तो आपल्या बाजूनं, म्हणजे डावीकडच्या दारानं, उतरत नसे. सीटवरून घसरत पलीकडं जाई आणि पलीकडच्या दारानं उतरे. शाळेत मार्लिसबरोबर काम करणाऱ्या आर्वेलानं एकदा ते पाहिलं.

"तुझ्या नवऱ्याचं दार बिघडलंय का गं?"

"हो," मार्लिस म्हणाली. तिनं आयुष्यात मारलेल्या थोड्या थापांपैकी ही एक.

वर्लिन वाळत चालला होता. पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवीन भोक पाडलं, मग आणखी एक. डोळ्यांदेखत माणूस असा झिजत चाललाय आणि आपल्याला कारण विचारायची बंदी आहे, हे मार्लिसला सहन होईना. आणि विचारायचं नाही तर नाही, न विचारता कळून घेता येतंच की, असं तिनं मनाशी ठरवलं. ऑगस्टअखेरीस शाळेच्या ग्रंथालयात दर शनिवारी सकाळी मानसशास्त्राचा वर्ग सुरू झाला, तिथं तिनं नाव घातलं.

"मानसशास्त्र!" आर्वेला पीठ मळता मळता म्हणाली. "आधी आपल्या मुख्याध्यापकांचं डोकं तपास. काही सापडलं तर मला सांग."

वर्गात शेतकऱ्यांच्या सुना होत्या, नर्सिंग शिकणारी दोनतीन पोरं होती आणि साठीला टेकलेली मार्लिस. शिकवणारी प्रिसिला यान्सेन पूर्वी मनोरुग्णांच्या इस्पितळात नर्स होती. आवाज खडखडीत, केस पोरासारखे कापलेले. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, की मोठा आघात झालेला माणूस जे करतो ते आपल्याला वेड्यासारखं दिसतं, पण त्याच्या आतून पाहिलं तर त्यात चोख व्यवस्था असते. ती शोधण्याच्या काही रीती आहेत, त्या आपण शिकू. मार्लिस खुर्चीच्या कडेला सरकून बसली ती उठेपर्यंत तशीच.

पहिली रीत कुत्र्याची आणि घंटेची. घंटेबरोबर खाणं मिळालं की पुढं नुसत्या घंटेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तसंच संकटाच्या वेळी जो आवाज कानावर पडला, तो आवाज पुढं एकटाच आला तरी शरीराला संकटच आलंसं वाटतं. मार्लिसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खडी! रुळांच्या कडेची खडी आणि अंगणातली खडी, पायाखाली दोन्हींचा आवाज एकच. माणूस वेडा नाही, त्याला फक्त तो आवाज नकोय. घरी येऊन तिनं त्या चिखलाच्या अंगणाकडं पाहिलं, आणि तिला त्या चिखलाची माया वाटली.

दुसरी रीत म्हणाली, घटना माणसाला छळत नाही, घटनेचा त्यानं लावलेला अर्थ छळतो. तिसरी, सगळ्यांत जुनी, म्हणाली की काही माणसं घडलेली गोष्ट न घडलेली करायला धडपडतात. तीच कृती पुन्हा पुन्हा, पण या खेपेला बरोबर करून पाहतात. त्या शनिवारी मार्लिस घरी पोचल्यावर गाडीतच बसून राहिली. कंडक्टर डावीकडं बसतो. गाडी पूर्वेला चालली होती, म्हणजे डावीकडं उत्तर. आणि पिकअप पडली होती दक्षिणेच्या मक्यात. ते तर सगळ्या गावानं पाहिलं होतं. वर्लिन सवयीनं आपल्या दारानं उतरला. चुकीच्या बाजूला उतरला! म्हणून बिचारा वर्षभर पलीकडच्या दारानं उतरतोय.

त्या दिवसांत ती आनंदात होती, आणि हे लिहिताना त्याचंच जास्त वाईट वाटतं. तीसपस्तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याकडं ती नवी नवरी पाहते तसं पाहू लागली. त्याची एकेक तऱ्हा तिला उलगडत होती आणि दर उलगड्याला वाटे, हा परत येतोय, अजून थोडं, आणखी एक शनिवार.

प्रिसिलानं बजावलं नव्हतं असं नाही. "ही चष्म्याची भिंगं आहेत, पाना-पक्कड नव्हे. घरच्या माणसावर चालवायला जाऊ नका. ज्याला गरज आहे त्याला आघातावर काम करणाऱ्या डॉक्टरकडं न्या."

"तो डॉक्टर लिंकन शहरात बसतो," मार्लिस म्हणाली. "आणि रेल्वेवाला माणूस तिथं जाईल असं तुम्हाला वाटतं?"

"नाही. पण तरी सांगणं माझं काम आहे."

"माणूस त्याबद्दल बोलतच नसेल तर?"

प्रिसिलानं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. "बोलल्यानं बहुतेकांना हलकं वाटतं, मार्लिस. बहुतेकांना, सगळ्यांना नाही. आणि बोलायची वेळ त्यानं ठरवायची असते, तुम्ही नाही."

यातलं पहिलं वाक्य मार्लिसनं घरी आणलं. बाकीचं ग्रंथालयातच राहिलं.

तिची बाजूही समजून घ्यायला हवी. थंडी पुन्हा तोंडावर आली होती आणि हा माणूस अजून कापडी बुटात. शिवाय तिला वाटलं, उत्तर तर आपल्याला कळलंच आहे. तो चुकीच्या बाजूला उतरला, पोचायला उशीर झाला, आणि उशिरामुळं ती मेली असं त्यानं धरून ठेवलंय. आता फक्त 'हो ना?' एवढंच म्हणायचं. उत्तर माहीत असलेला प्रश्न हा काय प्रश्न झाला? माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याच्याइतका हुशार वकील शोधून सापडत नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर ती रन्झा, म्हणजे सारण भरून भाजलेले पाव, करायला बसली. कोबी आणि खिमा परतून ठेवला होता, वर्लिन समोर बसून पीठ लाटून देत होता. बाहेर लख्ख ऊन होतं.

"वर्लिन, मला समजलंय," ती म्हणाली.

"काय?"

"खडी का काढलीस ते. पलीकडच्या दारानं का उतरतोस ते." आणि तिनं सगळं सांगितलं, एकदम, धडा घोकून आलेल्या पोरीसारखं. आवाज, बाजू, उशीर. "तुला वाटतं तू वेळेवर पोचला असतास तर ती वाचली असती. बरोबर?"

वर्लिननं लाटणं बाजूला ठेवलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. "हुशार आहेस," तो म्हणाला. "बाजूचं बरोबर ओळखलंस."

"मग एवढंच ना रे?"

"एवढंच नाही."

पीठ लागलेले हात तिनं टेबलावर टेकले.

"विचारतेयस का?" तो म्हणाला. "नीट विचार कर, मार्ल. अजून विचारलेलं नाहीस. हे आपण इथंच सोडू शकतो. मी हे गोळे लाटून देतो, तू भर."

तिला थांबता आलं असतं. पण सगळा जन्म तिनं हे कधी केलं नव्हतं, एका वर्षाशिवाय.

"विचारते," ती म्हणाली. "काय झालं तिथं?"

त्यानं सांगितलं. धडक बसणार हे दिसल्यावर तो आणि ड्रायव्हर गेलन दोघेही इंजिनात खाली बसले, सगळेच बसतात. पिकअप कुठं फेकली गेली ते कुणीच पाहिलं नाही. गाडी थांबली, गेलन रेडिओवर कंट्रोलला धरून बसला, वर्लिन आपल्या दारानं उतरून मागं चालू लागला. निम्म्याहून जास्त गाडी मागं टाकल्यावर पलीकडून आवाज आला.

"ती बोलत होती, मार्ल. ओरडत नव्हती. 'कोण आहे?' म्हणाली. शेजारणीच्या दारात येऊन म्हणावं तसं."

"अरे देवा."

"मी म्हणालो, रेल्वेचा माणूस. आलोच."

मध्ये गाडी उभी. दोन डब्यांच्या मधून, ते जोडणाऱ्या कडीवर पाय ठेवून पलीकडं जायला किती वेळ लागतो? पण ड्रायव्हरला रेडिओवर सांगितल्याशिवाय आणि त्यानं ब्रेक लावून गाडी बांधून ठेवल्याचं कबूल केल्याशिवाय डब्यांच्या मध्ये पाय घालायचा नाही, हा त्यांच्यातला पहिला नियम. गाडी एक वीत सरकली तरी माणसाचे दोन तुकडे होतात. वर्लिननं नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पुढं कित्येक नव्या पोरांना हा नियम त्यानंच शिकवला होता. त्यानं रेडिओचं बटण दाबलं. गेलन कंट्रोलशी बोलत होता. पुन्हा दाबलं. गेलन अजून बोलतच होता.

"मग मी शेपटाला वळसा घालून जायचं ठरवलं. ते जवळ होतं. आणि चालायला लागलो."

"मग? बरोबरच केलंस तू. नियम होता."

"तिला माझे बूट दिसत होते, मार्ल. डब्यांच्या खालून. ती जमिनीवर पडली होती, तोंड माझ्याकडं. मी आलोच म्हणालो आणि माझे बूट लांब चालले. ती म्हणाली, 'इकडं, इकडं आहे मी.' मी ओरडून सांगितलं, वळसा घालून येतोय. पण खडीचा आवाज एवढा, तिला काय ऐकू गेलं असेल? मी पळायला लागलो. म्हणजे तिला काय दिसलं, माणूस पळून चाललाय. पोचलो तेव्हा संपलं होतं. डोळे गाडीच्या खालीच लागले होते."

मार्लिस सुचेल ते बोलत सुटली. नियम, रेडिओ, ती तशीही वाचली नसती. तुझी चूक नाही. तुझी चूक नाही, वर्लिन.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "ती वाचणारी नव्हती, हे डॉक्टरांनीही सांगितलं. उशिराचं मला काही नाही. तू म्हणतेस ते आवाजाचं, बाजूचं, ते मला पहिल्या आठवड्यापासून कळत होतं. मी काय करतोय ते मला कळत नाही असं वाटलं तुला? कळतं गं. कळून ते थांबत नाही, एवढंच."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की वर्षभरात वर्लिननं तिच्या हाकेला ओ दिलेली नाही. बोलावलं की तो मुकाट्यानं समोर येऊन उभा राही, आणि ती दचके. आलोच हा शब्द त्यानं टाकून दिला होता. कुठल्याच शनिवारी तिला हे सुचलं नव्हतं.

"आता आपण दोघं मिळून..." ती म्हणाली. "लिंकनच्या डॉक्टरकडं मी येते तुझ्याबरोबर. आत्ताच फोन करते."

"जाईन कदाचित. तिकडं कुणी असेल तर तिकडं."

"तिकडं म्हणजे?"

"कालविनकडं." कालविन त्याचा भाऊ, वायोमिंगमध्ये माळावर एकटा राहणारा. "मी सांगितलं होतं तुला."

"पण का? मी काय तुला दोष देतेय? मला तुझी कीव येतेय रे, माझं..."

"तेच," वर्लिन म्हणाला. अगदी हळू, समजावल्यासारखं. "आत्ता तू माझ्याकडं बघतेयस ना, तुला ते बूट दिसतायत. उद्याही दिसतील. जेवताना दिसतील. जगात एक माणूस होतं ज्याच्या डोळ्यांत ते नव्हते. मी तिथंच राहत होतो, मार्ल. या घरात नव्हे."

तिनं डोळे मिटून घेतले. पण त्याचं म्हणणं खरं होतं. तिला ते दिसत होते.

रन्झा भाजले, दोघांनी एकेक खाल्ला. ती रडली, त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. पीठ वाळून त्या हाताला खपल्या आल्या होत्या. तो रागावला असता तर तिला भांडता आलं असतं, पाया पडता आलं असतं. तो रागावलाच नाही. सगळं कळलं होतं तिला आता, एक कोपरा अंधारात राहिला नव्हता, आणि त्या कळण्याचं पुढं काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यानं एक पेटी आणि दोन ब्लँकेटं पिकअपमध्ये टाकली. मार्लिस स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, अंगावर शाळेचा एप्रन. चिखल गोठून कडक झाला होता आणि त्यावरून तो कापडी बुटांनी चालला होता, जराही आवाज न करता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, इंजिन गरम व्हायची वाट पाहत तो सीटवर बसून राहिला. बराच वेळ बसला. एक हाक मारली असती तर कदाचित तो उतरून आला असता. तिला अजूनही तसं वाटतं. छातीपर्यंत हाक आली होती.

पण हाक मारली असती तर त्याला ओ द्यावी लागली असती, 'आलोच' म्हणून. तिनं तोंडावर हात दाबून धरला, आणि गाडी गेली.